पांढऱ्या क्रौंचाची अंडी

पीटर्सबर्गच्या संग्रहालयासाठी पक्षी गोळा करायला आलेल्या रेमर साहेबाने शब्द दिला होता, नुसते दुर्बिणीतून पाहीन. म्हणून त्याचा म्हातारा वाटाड्या खाबिरीस याने त्याला सायबेरियातल्या इंडिगिर्का नदीच्या दलदलीतले पांढऱ्या क्रौंचाचे घरटे दाखवले. क्रौंचावर तिथला याकूत जमातीचा माणूस गोळी झाडत नाही; त्याचे घरटे सख्ख्या भावालाही सांगत नाही. पण महिनाभर बदके सोलून कापूस भरताना साहेब ज्या हळुवार हाताने पिसे सारखी करी, त्यावर म्हातारा भुलला. पाहुण्यापुढे मिरवायची एवढी हौस कसली, असे बायको मोतुरुना निघतानाच म्हणाली होती.

आणि आज तंबूत मादी आडवी पडली होती. किडू नये म्हणून कातड्याला आतून सोमल चोळलेला, डोळ्यांत कापूस, पायाला चिठ्ठी.

बंदूक पुसत साहेबाने समजावले, की जोडी पुरी व्हायला नर हवाच. अंडी त्याने मुद्दाम घरट्यात ठेवली होती. ती आहेत तोवर नर कुठे जातोय? ती शेवटी उचलायची.

"शब्द दिला होता तुम्ही, साहेब."

"बायकोला सांग, उडून गेले म्हणून," साहेब हसला. "मी नाही चुगली करणार."

खाबिरीसची कानशिले तापली. साहेबाचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

साहेब चहा ओतू लागला तसा तो गुडघाभर पाण्यातून घरट्याकडे निघाला. नर अंड्यांवर बसला होता. म्हातारा अगदी जवळ गेला तेव्हा कुठे तो उठला आणि वीस पावलांवर जाऊन उभा राहिला. अंडी ऊबदार होती. एकात आतून चोच वाजत होती. खाबिरीसचा हात थबकला. मागे साहेब बंदूक घेऊन पाण्यात उतरलेला दिसला. मग म्हाताऱ्याने दोन्ही अंडी बुटाखाली चिरडली.

"काय केलंस हे, मूर्खा?"

"मी नाही. माझ्या पायानं तू केलंस."

तरी नर उडाला नाही. मान वाकवून तो एकेक पाऊल घरट्याकडे येऊ लागला. साहेबाने बंदूक खांद्याला लावली. खाबिरीस मधे आडवा उभा राहिला, आणि चिखलाचा गोळा उचलून त्याने पक्ष्यालाच हाणला.

"जा की मेल्या. काय राहिलंय तुझं इथं?"

दुसरा गोळा, तिसरा. अखेर पांढरे पंख उघडले. पक्षी दिसेनासा झाला, तरी म्हातारा शिव्या देत चिखल फेकतच राहिला.