जास्तीचा वारा

तिनं लोखंडी पट्टी भिंतीला टेकवली आणि चित्रातल्या विमानाचा डावा पंख खरवडून काढला. पिवळ्या रंगाचे पापुद्रे खाली पडले. हे विमान तिनंच रंगवलं होतं, ताईची बालवाडी सुरू झाली त्या वर्षी.

"जोर लाव की," तोंडाला ओढणी बांधलेली ताई स्टुलावरून म्हणाली. "आकाशात घार आणि जमिनीवर खुडूक कोंबडी!"

विमान चालवायला शिकली तेव्हापासून घरात तिचं नाव घारच पडलं होतं. आता ती बालवाडीच्या कुंपणापलीकडच्या छोट्या धावपट्टीवर इतरांना शिकवत असे.

बालवाडीतल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या रक्तात शिसं सापडलं होतं. आधी जुने रंग बघा, असं तपासायला आलेले लोक सांगून गेले होते. सगळ्यांत जास्त टकळीच्या रक्तात. जिची जीभ कधी टाळ्याला लागत नसे, ती पोरगी हल्ली कविता म्हणताना मध्येच अडकायची आणि ताईच्या तोंडाकडे बघत राहायची.

"चुलीत गेलं ते चित्र," ताई म्हणाली. "बरं झालं, पोरांना अंगणात काढलं. निदान मोकळी हवा तरी खातील."

घारीचा हात थांबला.

प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ती पहिल्याच तासाला सांगायची: मोटारींच्या पेट्रोलमधलं शिसं केव्हाच गेलं, आपल्या इंधनात अजून आहे, हाताला लागलं तर साबणानं धुवा. तसाच चहाच्या कपाला हात लावणाऱ्याला ती फैलावर घ्यायची. धुराबद्दल तिनं कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

उड्डाणाआधी इंजिन जोरात फिरवून तपासायची जागा कुंपणाला लागूनच होती. विमानाची शेपूट अंगणाकडे. पंख्याच्या वाऱ्यानं केस उडाले की पोरं खिदळायची, म्हणून तपासणी संपली तरी ती इंजिन आणखी थोडं घुमवायची. पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं, जास्तीचा वारा. तिचं बघून विद्यार्थीही तसंच करू लागले होते. आसपासचे लोक आवाजाची तक्रार करायला निघाले, तेव्हा ताईच आडवी आली होती. "माझी बहीण आहे तिथं," एवढंच ती म्हणाली होती.

"ताई."

"अं?"

"रंग राहू दे."

"का? दमलीस एवढ्यात?"

"रंगानं नाही झालं ते."

ताई स्टुलावरून उतरली. तिनं ओढणी गळ्यात ओढली.

"मग कशानं?"

घारीनं दाराबाहेर, कुंपणाकडे पाहिलं. बाहेर इंजिनाचा आवाज जवळ येऊन कुंपणापाशी स्थिरावला. तिचाच विद्यार्थी. अंगणात पावलांची धावपळ उडाली.

"जास्तीचा वारा! जास्तीचा वारा!"

हातात पट्टी तशीच घेऊन ती बाहेर धावली.

"आत या! सगळे आत या रे!"

मावशीनं नवा खेळ काढला, असं पोरांना वाटलं. ती हातवारे करतेय म्हणून त्यांनीही दोन्ही हात वर करून हलवले. टकळी कुंपणाच्या जाळीला चिकटून उभी होती, डोळे मिटून, तोंड उघडं टाकून. घारीनं पट्टी फेकली, तिला उचललं आणि तिचं तोंड आपल्या छातीशी दाबलं. पोरगी हसत सुटायला धडपडत होती.

विद्यार्थ्यानं मान वळवली, आपल्या शिक्षिकेला ओळखलं, खुशीत हात केला आणि इंजिन आणखी थोडं घुमवलं.

वारा ओसरला तेव्हा ताई दारात उभी होती. ती विमानाकडे पाहत नव्हती, बहिणीकडे पाहत होती. मग तिनं गळ्यातली ओढणी सावकाश पुन्हा नाकावर ओढून घेतली.