भरदुपारची अरुंधती

कुंडलच्या देवळापुढं दिवेलागणीला अशी गर्दी लोटली होती की चप्पल कुणाची आणि पाय कुणाचा, काही पत्ता लागेना. ज्याला त्याला नळीतून आभाळ बघायचं होतं. देवळात मुक्कामाला आलेले ताराबाबा डोळ्यात गुलाबपाण्याचा थेंब सोडत, वीतभर बांबूची नळी लावून देत आणि खर्जात विचारत, "मोठा तारा वसिष्ठ. शेजारी बारकी अरुंधती. दिसली?"

"दिसली, बाबा."

"आयुष्य वाढलं. पुढचा."

रांगेत लीलाबाई नवऱ्याचा हात धरून उभ्या होत्या. सुभेदार लालासाहेब फौजेत कधी कुणाला भ्याले नव्हते, पण पंधरा दिवसांमागं भाच्याच्या लग्नात सगळं बिनसलं. संध्याकाळी भटजींनी सप्तर्षींकडं बोट करून अरुंधती दाखवली, अख्खा मांडव रिवाजाप्रमाणं वर न बघताच "दिसली" म्हणाला, आणि सुभेदार फौजी इमानदारीनं म्हणाले, "न्हाई दिसत." अरुंधती दिसेना झाली की माणूस सहा महिन्यांत जातो, ही जुनी समजूत कुणीतरी लगेच त्यांच्या कानात ओतली.

खरं तर डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशनची बुधवारची तारीखही मिळाली होती. पण बाबांनी बजावलं, "डोळ्याला चाकू लागला की अरुंधती कायमची रुसते. सात आठवडे नळी, दर खेपेला शेरभर तूप." सुभेदारांनी बुधवार रद्द केला. लीलाबाईंनी मनात हिशेब मांडला. हा माणूस आंधळा होणार, आणि वर तूपही जाणार.

सुभेदारांनी नळी लावली. "आयला, दिसली की." ते इतके खुलले की लीलाबाईंनाही हसू फुटलं. मग त्यांनी सहज मान वर केली. आभाळ अजून उजळ होतं, एकही तारा उगवला नव्हता. थोड्या वेळानं अंधार पडला, चांदण्या आल्या, आणि बाबांनी नळी पिवळ्या फडक्यात गुंडाळली.

"तारं आलं आन् दुकान बंद?" लीलाबाई सोबत आलेल्या सुनेला म्हणाल्या.

सून राजेश्वरी हायस्कुलात विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "आई, ती नळी दुपारी हाताला लागली तर?"

"लागंल की."

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या आवारात प्रसादाची पंगत बसली होती. बाबांचा हात आमटीत आणि नळी मांडीशेजारी. लीलाबाईंनी तुपाचा गडू खाली ठेवला, नळी उचलली आणि आभाळाकडं धरली.

"अगं बया. वसिष्ठ. आन् शेजारी अरुंधती."

"माता, दुपारी बघू नये. पाप लागतं," बाबा घास गिळत म्हणाले.

लीलाबाईंनी नळी चुना लावलेल्या भिंतीकडं वळवली. "हितं बी हाय." मग बाबांच्या पांढऱ्याधोट धोतराकडं. "धोतरावर तर लयच ठसठशीत."

पंगत हसून लोळायला लागली. नळी हातोहात फिरली. राजेश्वरीनं तिच्या टोकाचं टोपण काढून दाखवलं. आत काळा कागद, कागदाला दोन भोकं. "हा दाभणाचा वसिष्ठ, ही सुईची अरुंधती. उजेडाकडं धरलं की दोन ठिपके दिसणारच." बाबा हात धुवायला म्हणून उठले, ते पुन्हा आलेच नाहीत. तूप राहिलं.

"खरी अरुंधती अंधूक असते," राजेश्वरी म्हणाली. "तिचा उजेड इथवर यायला ऐंशी वर्षं लागतात. आणि ती एक तारा नाही, दोन ताऱ्यांची जोडी आहे. तिला आपलं मरण कुठून कळणार?"

पंगतीत बसलेल्या सुभेदारांचा चेहरा मात्र उतरलेलाच. "पर मांडवात समद्यांना दिसली. मला एकट्यालाच न्हाई."

"आवं, आपलं लगीन कवा लागलं?" लीलाबाईंनी विचारलं.

"बारा पस्तीसला. दुपारी."

"मग भटजींनी अरुंधती दाखवली तवा तुमी काय म्हणाला?"

सुभेदार हळूच पुटपुटले, "दिसली म्हणालो."

"मी बी. भर उन्हात. एकेचाळीस वर्सं झाली, दोघं बी जित्ती हाय न्हवं?"

सुभेदार डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले आणि त्यांनी स्वतःच मिरजेला फोन लावला.

महिन्यानं, पट्टी निघाल्यावर, दोघं गच्चीवर उभी होती. "ती बघ," सुभेदार बोट करून म्हणाले. "मोठ्याच्या अंगाला चिकटून. दिसली?"

लीलाबाईंनी डोळे बारीक केले, पदरानं पुसले, पुन्हा बघितलं. तोंडावर आलेलं "दिसली" त्यांनी मागं घेतलं.

"न्हाई दिसत."

"मग आता बुधवार तुजा," सुभेदार म्हणाले.

तर मंडळी, पुढच्या लग्नात भटजींनी बोट वर केलं की आधी वर बघा. दिसली तर दिसली म्हणा. नाही दिसली तर नाही म्हणा, दिवस मोजत बसू नका आणि डोळे तपासून घ्या.