आतल्या हवेचा काटा

मित्रांनो, मी एक जुना दाबमापक आहे. एका छोट्या विमानात, वैमानिकाच्या उजव्या गुडघ्याजवळ माझी जागा होती. वरच्या रांगेत वेग, उंची, दिशा सांगणारी बडी मंडळी बसलेली असत. सगळ्यांची नजर त्यांच्यावर. माझ्या वाट्याला बहुधा गुडघाच यायचा.

माझे काम तसे साधे होते. विमान फार उंच गेले की बाहेरची हवा विरळ होते, म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरतात. विमान पंचवीस हजार फुटांवर असले, तरी आतल्या माणसांना आठ हजार फुटांच्या डोंगरावर बसल्यासारखे वाटते. ही आतली उंची माझा काटा दाखवायचा. कारखान्यात एका बाईंनी डोळ्याला भिंग लावून तो बसवला होता. "छान हलतोयस हं," असे त्या म्हणाल्या होत्या. त्यानंतर कित्येक वर्षे माझ्याशी कुणी बोलले नाही.

माझा वैमानिक अबोल होता. उंचावर सगळे ठीक असले की माझा काटा आठवरून, म्हणजे आठ हजार फुटांवरून, हलत नसे, आणि जो हलत नाही त्याच्याकडे कोण पाहणार? एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही.

एकदा त्याची थोरली बहीण शेजारी बसली. पहिलाच विमानप्रवास, त्यामुळे ती घाबरली होती. तिला गुंतवून ठेवायला तो म्हणाला, "ताई, खाली बघूच नकोस. या काट्यावर लक्ष ठेव. दहाच्या वर गेला तर मला सांग."

ताई खरोखरच माझ्याकडे टक लावून पाहू लागली. मला किती बरे वाटले म्हणून सांगू! मी छाती फुगवून आठवर उभा राहिलो.

ढगांच्या वर बरेच अंतर कापल्यावर मात्र दाराच्या फटी बंद करणारे रबर एका जागी सुटले आणि हवा हळूहळू बाहेर जाऊ लागली. तोवर ताईचा डोळा लागला होता. इशाऱ्याचा लाल दिवा पेटलाच नाही. मी दहा ओलांडले, मग बारा, मग पंधरा. मला आवाज नाही. काटा वर नेण्यापलीकडे मी काय करणार?

तेव्हा वैमानिकाने माझ्याकडे पाहिले आणि तो चक्क हसला. माझ्या काचेवरून बोट फिरवत म्हणाला, "काय रे राजा, कुठं निघालास एवढ्या वर? मजा आहे तुझी!"

मी क्षणभर हरखून गेलो. मग मला त्याची नखे दिसली. ती निळी पडली होती. हवा कमी पडली की माणसाला असे उगाचच सुखी वाटते, आणि जीव जातोय हे त्याला कळतही नाही.

विरळ हवेत कुणाला हसू येते, तर कुणाला राग. ताई जागी झाली ती डोके धरून, चिडूनच. हे आमचे सुदैव.

"हसतोस काय वेड्यासारखा? काटा अठरावर गेलाय!"

"असू दे गं ताई. किती छान वाटतंय!"

"असू दे काय? दहाच्या वर गेला तर सांग म्हणाला होतास ना? खाली घे विमान! आत्ताच्या आत्ता! ऐकतोस की देऊ एक ठेवून?"

हा दम त्याने लहानपणापासून ऐकलेला. डोके चालत नव्हते, तरी हातांनी ऐकले. विमान खाली येत गेले. माझा काटा दहाच्या खाली उतरला, तेव्हा त्याचे हसू मावळले.

जमिनीवर मेकॅनिकने दाराचे रबर बदलले, दिवाही बदलला. ताई भावाला म्हणाली, "काट्याशी काय लाडानं बोलत होतास रे!"

"मी? काट्याशी? काहीतरीच काय!"

तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरेच काही आठवत नव्हते.

पुढे विमानात आकडे दाखवणारा नवा पडदा बसला आणि मी वर्कशॉपच्या खणात आलो. इथली उंची कधी बदलत नाही, त्यामुळे सांगण्यासारखे माझ्याकडे काही नसते. वैमानिकाचे 'काय रे राजा' हे शब्द मात्र मी पुन्हा पुन्हा आठवतो. ते मला हवेसे वाटतात, आणि तसे ते पुन्हा कुणाच्या तोंडून निघू नयेत असेही वाटते.

मित्रांनो, तुमच्या जवळपासही कुणीतरी गप्प राहून तुम्हाला सांभाळत असेल. त्याच्याशी लाडाने बोलला नाहीत तरी चालेल. तुम्ही शुद्धीवर असताना एकदा त्याच्याकडे बघा.