दुसरी बशी

"यक, दो, से, चहार..." माझ्या पिशवीत पाव टाकताना खोदादादकाका असं फारसीत मोजायचे. मी तेव्हा सात वर्षांची, डोळ्यांत झोप. तो आवाज अजून कानात ऊन आहे.

त्या आवाजापायीच मी मुंबईला अर्थशास्त्राच्या जोडीला फारसी घेतली. प्रबंधाचा विषय, किनाऱ्यावरच्या इराणी बेकऱ्या. आमच्या रेवदंड्यातली काकांची भट्टी कधीच थंड झाली, आता पाव अलिबागहून टेम्पोने येतो. पण आठवणी काकांजवळच. नऊ वर्षांचे असताना ते चुलत्याबरोबर इराणातल्या यझ्दहून आले. फारसी बोलतात, वाचता येत नाही. तिकडे राहिलेल्या बहिणीला, शिरीनला, फोनवर ऐकू यायचं नाही, म्हणून पत्रं. ती आधी काकू वाचून दाखवायच्या. काकू गेल्यावर मी.

दिवाळीत आलेलं पत्र शिरीनच्या मुलाचं होतं. मी पहिली ओळ मनात वाचली.

"काय म्हणते?" काकांनी विचारलं.

"डाळिंबं चांगली धरलीत म्हणते."

प्रबंधासाठी काकांच्या तीन मुलाखती बाकी होत्या. गप्प झालेला माणूस भट्टीचं काय सांगणार? मुलाखती झाल्या, प्रबंध गेला, गुण चांगले पडले. मला काहीच वाटलं नाही. खाडी भरली, खाडी ओसरली, दिवस गेले.

शिमगा झाला आणि काकांनी नवरोजसाठी, त्यांच्या नव्या वर्षासाठी बोलावलं.

"या प्रोफेसरबाई. पावाचा भाव काढून झाला?"

"झाला."

"मग तोंड शिळ्या पावासारखं का गो?"

टेबलावर पातेल्यात मोड आलेले गहू, बाजूला दोन बशा. काकांच्या घरात नवरोजला जित्या भावंडागणिक एक बशी पेरतात. गेलेल्याच्या नावाने पेरत नाहीत. काकांनी आपली बशी भरली, वर ओलं फडकं घातलं. दुसरी माझ्यापुढे सरकवली.

"ही शिरीनची. तू पेर."

मी मूठभर गहू उचलले. गार होते. काका सवयीने मोजायला लागले, "यक, दो..."

मी मूठ परत पातेल्यात सोडली.

"काका, ही बशी नको. शिरीनआत्या गणपतीच्या सुमारास गेल्या. मला दिवाळीपासून ठाऊक आहे."