सुई उचलायला कोणी आलं नाही

जानेवारीतल्या एका शनिवारी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी, उल्काने वरणाला लसणाची फोडणी दिली आणि छतावरचा, धूर आणि विषारी वायू दोन्ही ओळखणारा अलार्म किंचाळला. तिथून सगळं सुरू झालं.

मी त्या घरातली तबकडी बोलतेय. काळी, गोल, अंगभर बारीक रेघा. माझ्यात गाणी भरली स्कॉटलंडच्या चार जणांनी, गाते त्यांच्यातली एक बाई. 'हार्बर कझिन्स' म्हणतात त्यांना. तुम्ही नाव ऐकलं नसेल, त्यांच्या गावातही फार कोणी ऐकलेलं नाही. चाली अशा की पाय आपोआप हलावा, आणि शब्द मात्र सुटलेल्या बसचे, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलेल्या पावसाचे. 'स्लो फेरी' हा त्यांचा नवा अल्बम, म्हणजे मी. शंतनू कामासाठी वर्षभर ग्लासगोला होता, तेव्हा एका छोट्या पबमध्ये त्याने त्यांना ऐकलं. समोर मोजकी माणसं, त्यातली निम्मी जेवत होती. त्याला मात्र ती गाणी भिडली. म्हणून त्याने मला मुद्दाम मागवून अमेरिकेतल्या ट्रॉय गावी, आपल्या घरी आणलं.

उल्का, त्याची बायको, माझ्यावर वैतागलेली असायची. "तुझी बाई गाते की उसासे टाकते रे?"

"नीट ऐकून तर बघ यार," तो म्हणायचा.

पण त्यांची तान्ही लेक आन्या माझ्या आवाजाने झोपायची. म्हणून मला घरात जागा होती.

तर त्या दिवशी अलार्म वाजला आणि आन्या दचकून रडायला लागली. "काढ ना ते. फोडणी दिली की दर वेळी हेच," उल्का म्हणाली. शंतनू स्टुलावर चढला. शेजारच्या नीलाकाकू डबा परत करायला आल्या होत्या, त्या हसल्या. "आमच्या अलार्मला मी शॉवर कॅप घातलीय. बारा महिने टोपीत असतो तो."

शंतनूने अलार्म काढून चमच्यांच्या खणात टाकला. "जेवण झालं की लावतो."

जेवण झालं. अलार्म खणातच राहिला.

मग बर्फ सुरू झाला. शंतनू घरून काम करायला बेसमेंटमध्ये बसू लागला आणि मलाही खाली घेऊन गेला. तिथेच घर गरम ठेवणारी फर्नेस होती. तिचा धूर टाकणारा पाइप भिंतीतून बाहेर निघतो, जमिनीच्या जरा वर. त्या पाइपाच्या तोंडाशी बर्फ साचत गेला. घरात ना वास, ना धूर. फर्नेस आपली घुमत होती.

उल्काचं डोकं दुखायला लागलं. "फ्लू असेल, सगळीकडे आहे," म्हणत तिने बाम लावला, आल्याचा चहा केला. दुकानात गेली की तिला बरं वाटायचं. घरी आली की परत डोकं जड. आन्या तर रडेनाशीच झाली. "गुणी झाली गं माझी बाय, नुसती झोपते," असं ती आईला फोनवर सांगताना मी जिन्यातून ऐकलं. मला ते बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंतनूने मला लावलं. एक बाजू संपली की तो धावत येऊन सुई उचलतो, रेघ झिजेल म्हणून फार जपतो. त्या दिवशी सुई मधल्या रिकाम्या रेघेत फिरत राहिली. खट्. खट्. खट्. शंतनू टेबलावर डोकं टेकून होता. मी त्याच्या हाताजवळ फिरत होते आणि मला हाक मारता येत नव्हती.

"शंतनू, बाई संपली तुझी. सुई उचल," वरून उल्का ओरडली.

खट्. खट्.

"झोपलास का?" मग आवाज बारीक झाला. "अरे, तू असं कधी ठेवत नाहीस रे."

ती आन्याला कडेवर घेऊन कठडा धरत खाली आली. तिने त्याला हलवलं. तो हलला नाही. ती तशीच वर गेली. बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला, मग फोनवर तिचा रडका आवाज. मी मात्र खट् खट् करत राहिले.

फायर ब्रिगेडच्या माणसांनी शंतनूला उचलून नेलं. "बाहेरचा पाइप बर्फाने बुजला, म्हणून घरात कार्बन मोनॉक्साइड भरला. या विषारी वायूचा अलार्म कुठे आहे?" एकाने विचारलं. तो चमच्यांच्या खणात होता.

तिघंही वाचले. अलार्म परत छतावर गेला. पण विचारायला येईल त्याला उल्काने सांगितलं, फ्लू झाला होता. "फोडणीसाठी काढला म्हटलं तर लोक काय म्हणतील मला? ही आई आहे की कोण?" असं ती शंतनूला म्हणाली. नीलाकाकूंनाही तिने तेच सांगितलं. पुढे मला बघितलं की तिला ती खट् खट् ऐकू यायची. मग तिने मला काकूंच्या मुलाला, देवांगला देऊन टाकलं.

आता मी काकूंच्या हॉलमध्ये, शेल्फवर आहे. देवांग कॉलेजला गेलाय, प्लेयर बंद आहे. वर छतावर फुलाफुलांची शॉवर कॅप. बाहेर बर्फ थांबलेला नाही. काकू सकाळपासून कपाळाला बाम लावून पडल्यात. "फ्लूच दिसतोय मेला," म्हणाल्या.

आमचं कोणी ऐकत नाही, याची मला सवय आहे. पण एवढं ऐका. तुमच्या ओळखीत कोणी फोडणीपायी अलार्म काढला असेल, झाकला असेल, तर त्यांना सांगा, आणि त्यांना पुढे सांगायला सांगा. लाजू नका.

आणि पहिला फोन नीलाकाकूंना करा.