रेशमात गुंडाळलेला कॉम्प्युटर

"अरोहरा! अरोहरा!"

मंगैअक्काच्या घरात मुरुगनचा जयघोष चालला होता आणि पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी गल्ली एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरपुढे हात जोडून उभी! त्याच्यासमोर मांडी ठोकून बसले होते यंत्रसिद्धर स्वामी. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावरचं रेशमी वस्त्र काढलं आणि मोरपिसांच्या पंख्याने वारा घालत मंत्र सुरू केला. मंत्र इतका लांब, की मागच्या एका म्हाताऱ्याची डुलकी काढून झाली. मग त्यांनी बटणाला अंगठा लावला आणि पडदा उजळला.

लोक धडाधड पायांवर पडले. स्वामी डोळे मिटून म्हणाले, "यंत्र आपणहून मरत नाही, बाळांनो. तुमची सून मूळ नक्षत्राची. ती बसली की यंत्र जळतं. आज यंत्र जळलं, उद्या सासरे! दिवाळीच्या आत तिला माहेरी धाडा."

ती मंगैअक्काची सून म्हणजे पूंगोडी, माझी भाची. बहीण गेली, आता तिचं माहेर म्हणजे मीच. पोरगी या कॉम्प्युटरवर टी-शर्टची चित्रं काढते. आमच्या तिरुप्पूरला त्याच कामावर चुली पेटतात.

तिने मला कोपऱ्यात ओढलं. "मामा, मशीन माझ्याच हाताखाली का बंद पडतं? नवरा गाणी ऐकतो तेव्हा तर बरं चालतं."

मी मांडव आणि लाउडस्पीकर भाड्याने देतो. धुपाच्या आडून तापलेल्या मशीनचा वास मला कधीच आला होता. तिथल्या तिथे बोललो असतो तर बुवा गोड हसून पुढच्या गल्लीत दुसरी सून शोधायला गेला असता. माझ्या पोरीला घराबाहेर काढतोस काय? थांब, तुला हारतुऱ्यांतच उकडतो!

"अक्का," मी मंगैअक्काला म्हटलं, "शुक्रवारी स्वामींचा जाहीर सत्कार करू. मांडव माझा, माईक माझा. पोरीला सगळ्यांदेखत मशीनवर बसवा. मशीन बंद पडलं तर मी स्वतः तिची पेटी डोक्यावर घेऊन जातो."

स्वामी तर खूशच. "भक्त मोठा आहेस, दुरैपांडी!"

"आहेच की, स्वामी!"

शुक्रवारी भर उन्हात स्वामींना खुर्चीत बसवलं. खांद्यावर शाल, तिच्यावर घोंगडी, गळ्यात गुडघ्यापर्यंत झेंडूचे हार, डोक्याला रेशमी पागोटं. गळ्याशी छोटा माईक अडकवला. खुर्चीखाली धुपाची शेगडी ठेवली. पूंगोडी मशीनवर बसली आणि टी-शर्टसाठी मोर रंगवू लागली. स्वामींनी तिचा दोष उघड करायचा मंत्र सुरू केला.

मोराची मान झाली, पिसारा झाला. मशीन आपलं गुपचूप चालू.

स्वामी मात्र घामाने निथळायला लागले. "शाल काढा रे."

"भक्तीला नाही म्हणू नका, स्वामी!" मी आणखी एक हार घातला आणि मूठभर विभूती त्यांच्या तोंडासमोर उधळली.

स्वामींना ठसका लागला. असा लागला, की कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही भोंग्यातून ऐकू गेला. "हवा... अरे, हवा द्या! मरतोय!"

मी शेगडी सरकवली, घोंगडी ओढली आणि दुसरा माईक हातात घेतला. "ऐकलंत? स्वामींना हवा पाहिजे. मशीनलाही हवाच पाहिजे होती!"

मग खिशातून एक करडा लगदा काढला. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, मशीनच्या हवेच्या जाळीवर चंदन कुणी थापलं? विभूती कुणी फुंकली? वरून रेशीम कुणी गुंडाळलं? ही सगळी पूजा आतल्या पंख्यात जाऊन बसली होती. मशीन तापलं, की स्वतःला वाचवायला आपणहून बंद होतं. चित्रांचं काम जड, म्हणून पोरीच्या हाताखाली लवकर तापायचं. बुवा रेशीम काढून वारा घालायचा आणि मंत्र म्हणता म्हणता ते गार व्हायचं. मंत्राऐवजी वांग्या-बटाट्याचे भाव वाचले असते तरी चालू झालं असतं!"

"मग आज कसं चाललं?" मंगैअक्काने विचारलं.

"सकाळी तुम्ही देवळात होतात. आम्ही मामा-भाचीने वायर उपटली, झाकण उघडलं, पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने झाडला, जाळी पुसली आणि डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. संपलं! हीच सिद्धी."

लोक हसायला लागले. स्वामी हार सावरत उठले आणि मांडवाच्या दोरीत अडकून आडवे झाले. ती दोरी मी मुद्दाम बांधली नव्हती. सोडली मात्र नाही.

मंगैअक्का सुनेजवळ जाऊन पुटपुटली, "पूंगोडी, कुठे जायचं नाही तुला."

मी माईक तिच्या तोंडाशी धरला. "आणखी काय, अक्का?"

"...माझं चुकलं."

"चहावाल्याला ऐकू नाही आलं!"

"माझं चुकलं म्हटलं ना, दुरैअण्णा!" भोंगा कडाडला. पूंगोडी कितीतरी दिवसांनी खदखदून हसली.

लोकहो, पूजा करायची तर करा. पण चंदन-कुंकू जाळीबाहेर लावा, पंख्याला ब्रश लावा आणि चालू मशीनला कधी पांघरूण घालू नका. आणि बंद पडलेल्या वस्तूपाशी उभं राहून कुणी तुमच्या लेकीसुनेकडे बोट दाखवलं, तर आधी त्या वस्तूचं झाकण उघडा. मग त्या बोटवाल्याला घोंगडी पांघरा.