सपाट झालेली ओळ

डोळे मिटा बघू. पापण्यांच्या फटीतून चोरून पाहायचे नाही. आता समजा, तुमच्या बोटाखाली एक जाड कागद आहे आणि त्यावर मोहरीएवढे ठिपके उठून आले आहेत. बोट डावीकडून उजवीकडे न्या. काही कळले? नाही ना? भिंगरीलाही कळले नव्हते.

एका जागी टिकत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. त्या दिवशी मात्र ती आत्याच्या कामाच्या खोलीत स्टुलावर गप्प बसली होती, कारण समोर आजोबा वाचत होते. आजोबांना जन्मापासून दिसत नाही. आयुष्यभर त्यांनी टेलिफोन ऑफिसात नोकरी केली आणि वाचले ते बोटाने, ब्रेलमध्ये.

आत्या विद्यापीठात इतिहासाची संशोधक. पण तिच्या खोलीत पुस्तकांपेक्षा कानशी, पकडी आणि सरसाचे डबेच जास्त. जुन्या वस्तूबद्दल नुसते वाचायचे नाही, ती पुन्हा बनवून हाताळायची, ही तिची पद्धत. शेजारच्या विभागातले प्राध्यापक चहाला आले की विचारत, सुतारकामाला पदवी कधीपासून लागायला लागली? आत्या म्हणे, पुस्तक वाचून कोणाला पोहता आलंय का? आणि त्यांच्याच हातात पॉलिश पेपर ठेवी. खोलीचा एक नियमही होता. बिघडलेली वस्तू फेकायची नाही. काय चुकले ते चिठ्ठीवर लिहून भिंतीवर टांगायची. भिंत भरत आली होती आणि आत्याला तिचा अभिमान होता.

आजोबा ज्या निवासी शाळेत वाढले, तिथले गोष्टींचे एक पुस्तक आत्याला सापडले होते. पाने इतकी कुजली होती की हात लावताच कडा झडत. लवकरच ते संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात जायचे होते. पुस्तक बोटाने वाचायचे, आणि यापुढे कोणी बोट लावायचे नाही! म्हणून आत्या त्याची नक्कल बनवत होती. ती चुकली असती, तर लहानपणीचे ते पुस्तक आजोबांना पुन्हा कधीच मिळणार नव्हते.

तिने प्रत्येक पानावर बाजूने उजेड पाडून फोटो काढले होते. सावल्यांवरून संगणकाने ठिपक्यांची उंची मोजली आणि यंत्राने प्लॅस्टिकचे थर चढवत पहिले पान तयार केले. तेच पान आता आजोबांच्या मांडीवर होते. हरवलेल्या कोकराची गोष्ट ते भराभर वाचत गेले. ‘आई दारात वाट पाहत उभी होती’ या ओळीशी बोट थांबले. मागे गेले. पुन्हा आले.

“हे आमचं पुस्तक नाही, बाळ,” ते म्हणाले.

आत्याचा चेहरा उतरला. “बाबा, कुठे ठिपका चुकलाय का?”

“एकही नाही. पण ही ओळ वाचता येतेय.”

“मग?”

“आमच्या पुस्तकात येत नव्हती.”

मग त्यांनी सांगितले. शाळेतली मुले घरी जात ती फक्त मोठ्या सुट्टीत. पुस्तक हाती आले की जो तो आधी हे पान उघडी आणि या ओळीवर बोट ठेवून बसे. आजोबांच्या आधीच्या मुलांनीही तेच केले होते. आजोबांपर्यंत पुस्तक पोचले तेव्हा ती ओळ पार सपाट झाली होती.

“मग तुम्हाला कळली कशी?” भिंगरीने विचारले.

“वरच्या वर्गातल्या पोरांनी सांगितली. आम्ही कोऱ्या कागदावरून बोट फिरवायचो आणि पाठ म्हणायचो. मास्तर खूश. म्हणायचे, काय सफाईनं वाचतात पोरं!”

आत्या हसली नाही. फोटोत ती ओळ दिसत नव्हती. कागद खराब झाला असेल असे समजून तिने ती गोष्ट छापील पुस्तकात शोधली आणि एकेक ठिपका निगुतीने भरून काढला होता. ती संगणकापाशी गेली, सगळी दुरुस्ती काढून टाकली आणि यंत्र पुन्हा सुरू केले.

यंत्र दुपारभर कुरकुरत होते. आजोबांनी खुर्चीतच डुलकी काढली. नवे पान गार झाल्यावर आत्याने ते त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांचे बोट ओळी उतरत त्या गुळगुळीत जागी आले. ओठ हलले, आवाज आला नाही.

“हं,” ते म्हणाले. “हेच.”

आत्याने आधी बनवलेल्या पानासाठी चिठ्ठी लिहिली: ‘चूक: झीज भरून काढली.’ पान, चिठ्ठी आणि दोरा भिंगरीच्या हाती देऊन तिने भिंतीवरचा रिकामा खिळा दाखवला.

भिंगरी खिळ्यापर्यंत गेली आणि पान न टांगताच परत आली. ती ओळ कुठली, असे तिने आजोबांना विचारले. त्यांनी तिचे बोट धरून त्या पानावरच्या ठसठशीत ओळीच्या सुरुवातीला टेकवले.

“ही सपाट व्हायला किती पोरं लागतील?”

“पुष्कळ.”

भिंगरीने डोळे मिटले. बोट ओळीच्या टोकापर्यंत नेले, उचलले आणि पुन्हा सुरुवातीला आणून ठेवले.